खालचा अर्धा

३ मार्च
लागली बुवा नोकरी! इस्पितळात छातीचे फोटो काढायचं यंत्र आहे, त्याचा संगणक सांभाळायचा. मुक्काम ताईकडे. तिने दारातच दम भरला की ओला टॉवेल गादीवर दिसला तर बिऱ्हाड जिन्यात.

५ मार्च
संगणक माझ्याहून म्हातारा असावा. पडद्यावर फोटो अख्खा दिसतो, पण साठवताना मेमरीत एका वेळी अर्धाच मावतो. म्हणून आधी वरचा अर्धा फ्लॉपीवर, मग खालचा. डॉक्टर दुसऱ्या दिवशी जोडलेला फोटो बघतात. माणशी नऊ मिनिटं! रांगेतले लोक माझा उद्धार करतात.

९ मार्च
डोकं लढवलं. खालचा भाग सगळ्यांचा सारखाच तर दिसतो! एका धडधाकट पहिलवानाचा खालचा अर्धा बेसिक भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये कायमचा बसवला. आता तोच सगळ्यांना जोडला जातो. चार मिनिटांत काम फत्ते. डॉक्टर म्हणाले, गडी हुशार आहे. त्यांना युक्ती सांगितली नाही.

१६ मार्च
कपडे शिवणाऱ्या एक मावशी आल्या. बरगडीपाशी कपड्यात सुई टोचलेली विसरल्या होत्या. पडद्यावर खाली पांढरी रेघ! दोघंही हसलो. रेघेशेजारी बारका डाग होता. मी पाहिला. पण रांग मोठी होती. मावशींनी आतून विचारलं, पूर्ण आला ना रे? मी म्हटलं, हो.
ताई खोकते, म्हणून तिचाही काढला. जेवायची वेळ झाली होती. खाली काय होतं, बघितलंच नाही.

१८ मार्च
दोघींचेही फोटो स्वच्छ. ताईने औषध बंद केलं.

२० एप्रिल
मावशी गेल्या. सून विचारायला आली, फोटो तर स्वच्छ होता ना? डॉक्टरांनी फ्लॉपी पुन्हा पाहिली. स्वच्छच. मी शेजारी मान खाली घालून उभा. मी मारलं त्यांना. मी.

२१ एप्रिल
पहिलवानाच्या भागात सुई दिसतेय. आज आलेल्या प्रत्येकाच्या फोटोत. प्रोग्रॅम पुसून नव्याने लिहिला — आहेच. डॉक्टरांना दिसत नाही. म्हणाले, डोळे तपासून घे.

२३ एप्रिल
ताईच्या जुन्या फोटोतही. ताई जिन्यात दोनदा थांबते हल्ली. तिला सांगायला हवं. जीभ रेटत नाही.

२४ एप्रिल
सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, चल, आता नीट काढ.

२५ एप्रिल
ताई आत, यंत्रासमोर. मी बाहेर. साठवून होईतो लिहितोय.
वरचा अर्धा झाला. आता कुठे पडद्याकडे बघतोय. खालचा, एकेक ओळ —
डाग आहे. ताईचाच. बटणाएवढा. देवा, महिनाभर —
शेजारी सुई. ताईच्या अंगावर सुई नाही, मी स्वतः —
मेमरी संपली, संगणक म्हणतोय —
आतून विचारतायत, पूर्ण आला ना रे. दोघी. आत तर ताई एकटीच