येळवशीची हिरवी पट्टी

प्रिय हरिओम,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा दुखायलाय, तरी ती तुझ्या त्या पट्ट्यांच्या तक्त्याचं कौतुक अख्ख्या बोरी गावाला सांगत फिरायलीय. मला मात्र तो आता बघवत नाही.

शाळेच्या नव्या खोलीचं काम तुझ्या कंपनीला मिळालं, तेव्हा सगळ्यात जास्त मीच मिरवले. शाळा समितीची अध्यक्ष मी अन् इंजिनियर माझा धाकटा भाऊ! तू हेडमास्तरांच्या भिंतीवर तो गँट चार्ट लावलास. वर तारखा, खाली पाया, भिंती, स्लॅब, प्रत्येकाची एक आडवी पट्टी, काम झालं की हिरवी. दर सोमवारी परभणीहून नवा कागद यायचा अन् पट्टी ठरल्या दिवशी हिरवी झालेली असायची. एक दिवस उशीर नाही. अरे, आपल्याकडं लग्नसुद्धा वेळेवर लागत नाही! तिथंच मला खटकलं. पण सख्ख्या भावावर संशय घ्यायचा कसा? स्वतःचीच लाज वाटायची.

परवा मात्र चार्टवर बोट फिरवत गेले. स्लॅब ओतल्याची तारीख एकोणीस डिसेंबर. येळवशीची अमावस्या! त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवायला, कामावर येणार कोण? अन् तू स्वतः आपल्या शेतात कडब्याच्या कोपीपाशी बसून तीन तांबे आंबील रिचवलीस, भज्जीसाठी माझ्या पोरीशी, शालूशी भांडलास. मग स्लॅब काय भुतानं ओतला?

मुकादम परमेश्वर आधी लय उडवाउडवी करायला लागला, शेवटी बोलला. स्लॅब पाच दिवसांनी, चोवीसला ओतला. उशीर दिसू नये म्हणून तू पट्टी आधीच हिरवी केलीस. अन् खालचे टेकू काढणारी माणसं आली ती चार्टाची तारीख बघून, दोन जानेवारीला. चौदा दिवस ठेवायचे टेकू नवव्या दिवशी निघाले. तुला हे माहीत होतं का रे, की तूही आपल्याच चार्टाला फसलास? कशावर विश्वास ठेवू, कळेना. स्लॅबला मधोमध बारीक भेग आहे. रंग दिला की दिसणार नाही, असं परमेश्वर म्हणतो.

सव्वीस जानेवारीला उद्घाटन, अन् दुसऱ्या दिवसापासून तिथं तिसरीचा वर्ग, त्यात शालू. आई म्हणते, घरातलं घरात मिटव, पोराची नोकरी जाईल. मी लय रडले, मग खोलीला कुलूप लावलं. स्लॅब तपासा म्हणून अर्ज लिहिलाय, त्यात तुझं नाव आहे. सोमवारी तो परभणीला जिल्हा परिषदेत नेऊन देणार. त्याआधी तुझ्या हातात पडावं म्हणून हे पत्र परभणीला निघालेल्या येडबाकाकाजवळ देतेय. तू आधी जाऊन तिथल्या साहेबांना खरं सांगितलंस, तर मी तुझ्याशेजारी उभी राहीन. नाही सांगितलंस, तरी अर्ज मी देणारच.

तुझीच,
राजेश्रीताई