तबकडी दिसेनाशी होते तिथे

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

एक मीटर ऐंशी! मागच्या महिन्यात अडीच होतं. पाऊस सरला की धरणाचं पाणी निवळतं, हे उलटंच काय?

दोनदा सोडली तबकडी. जेवणाच्या ताटलीएवढी, दोन भाग काळे, दोन पांढरे. मी दोरी सोडायची, बाबांनी होडीतून वाकून बघायचं. दिसेनाशी झाली की ते म्हणतात "गेली". मग मी वर ओढायची, दिसली की "आली". दोरीवरच्या त्या दोन खुणांच्या मधला आकडा म्हणजे पाणी किती खोलवर नितळ आहे ते. एवढंच यंत्र! पण बघणारा वर्षभर एकच हवा, माणूस बदलला की आकडा बदलतो. माझा चष्मा हा असा जाडजूड, म्हणून बाबा. उभा जन्म बोटीवर काढलेला माणूस. रिटायर झाल्यावर हे काम मिळालं तर मापाच्या दिवशी दाढी करून तयार!

"गेली गो," म्हणाले. मी म्हटलं, इतक्यात?

"गेली म्हंजे गेली!"

५ नोव्हेंबर

दापोली. पाण्याच्या मापांचं काम बघणाऱ्या राजश्री मॅडमचा ऑफिसात फोन — दोन मीटरच्या खाली गेलं ना, मग आता महिन्याला नाही, दर रविवारी माप. नियमच आहे तसा. दिवाळीच्या सुट्टीत मीच बाबांना हा नियम सांगत होते, तेव्हा हसलो होतो आम्ही. आपलं धरण कसलं दोनखाली जातंय!

म्हणजे दर शनिवारी एसटी, सोमवारी पहाटे परत. कंबरडं मोडणार. बाबांना कळवलं. "काम हाय तर यायलाच हवं गो," म्हणाले, आणि लागलीच, "बांगडे आनू की मांदेली?"

१६ नोव्हेंबर

एक सत्तर. बांगडे मात्र फर्मास! आई गेली तेव्हा बाबांना चहासुद्धा येत नव्हता. आता तिरफळं घालून कालवण करतात आणि मी पहिला घास घेईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

खरं सांगायचं तर एसटीचं आता काही वाटत नाही. फाट्यावर उतरले की बाबा उभे. "पिशवी दे हिकडं." एवढी तीस वर्षांची घोडी मी, पण देते.

पण पाण्याचं काय? वरच्या अंगाला चिरेखाण सुरू झालीय. तिची माती उतरत असेल? अख्खं गाव पितं हे पाणी.

२३ नोव्हेंबर

एक साठ. चिरेखाणीचं मॅडमच्या कानावर घातलं. म्हणाल्या, घाई नको, आधी पाणी तपासायचं मीटर पाठवते.

७ डिसेंबर

बाबा काल चैत्यभूमीला गेले होते. म्हटलं दमून येतील, आजचं माप बुडालं. कसलं काय! रात्रीच्या गाडीने आले, आंघोळ केली आणि होडीत हजर. वल्हीसुद्धा स्वतःच मारली. मला हात लावू देईनात.

किती आवडतो मला हा माणूस! तोंडावर कधी म्हणायची नाही, डोक्यावर बसतील.

२१ डिसेंबर

गढूळपणा मोजायचं मीटर आलं. छोट्या बाटलीत पाणी भरायचं, आत ठेवायची, आकडा येतो. आकडा आला — पाणी नितळ! गढूळपणा नावालाच. मला वाटलं मीटरच बिघडलं. पुन्हा केलं. तेच.

मग तबकडी सोडली. बाबा म्हणाले, "गेली."

आज मी चष्मा पुसला आणि स्वतः वाकले. तबकडी समोर दिसत होती. पांढरं पांढरं, काळं काळं. दोरी सोडत गेले, तरी दिसत होती. माझ्या या डोळ्यांना!

"बाबा, खरंच दिसत नाही?"

"नाय गो." आणि पलीकडच्या काठाकडे बघत बसले.

पाण्याला काही झालेलं नाही. बाबांची नजर चाललीय. मी आपली चिरेखाणीच्या नावाने बोटं मोडत होते, आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे लक्ष नाही! घरात एकटे असतात. गॅस, विळी, मागची विहीर. फार भीती वाटतेय.

२२ डिसेंबर

दापोली. कामात लक्ष नाही. शेजारच्या गोदूबाईंना फोन केला, बाबांकडे बघत जा जरा.

"त्यांना काय धाड भरलीय? आताच तर लांबसून हाक मारली मला!"

आवाजावरून ओळखलं असेल. तरी बघत जा, म्हटलं.

२८ डिसेंबर

आज माप नाही. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय, रजा टाकलीय. बाबा ऐकायला तयार नाहीत. "डोळं चांगलं हायत माजं. उगाच कशाला?" म्हटलं, मोतीबिंदू असला तर ऑपरेशन करू. दुसरं काही असलं तर मी नोकरी सोडून घरी येते.

हे ऐकल्यावर हातातला घास खाली ठेवला. ताटात भात तसाच राहिला. घाबरलेत बिचारे. मी पाठीवरून हात फिरवला, तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

२९ डिसेंबर

डॉक्टर हसायलाच लागले. मोतीबिंदू नाही, काही नाही. "लांबचं तुमच्यापेक्षा चांगलं दिसतं यांना!"

दवाखान्याबाहेर बाबा मान खाली घालून उभे. मी विचारलं, मग तबकडी?

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाले,

"दोनच्या वर सांगितला तर परत म्हयन्यानंच येशील ना गो?"