धाकटीची झोप

सोमवार, ३ जून
झोप येत नाही म्हणून योग! धाकट्या जावेनं हे नवीन काढलंय. डॉक्टरांकडे गेली होती. त्यांनी गोळ्या नकोत, योगोपचार करून बघा म्हणून पिटाळली. म्हटलं, जा की. तर म्हणे, "जाऊबाई, तुम्ही आलात तरच जाईन." साठी ओलांडलेली बाई, तिला सोबत लागते. इस्त्रीचं दुकान बंद ठेवून गेलो. योगवाल्या बाईनं सगळ्यांना आडवं केलं, मलाही. म्हटलं, मी नुसती सोबत आलेय. "मग नुसत्या पडून राहा," म्हणाली. पडायला मला घरी खाट नव्हती?

आणि रोज मनात येईल ते लिहा म्हणे. मनात राग येतो. लिहिला.

गुरुवार, ६ जून
श्वास घ्या, श्वास सोडा. आजवर काय करत होतो मग? वर मला म्हणते, "आजी, तुम्ही श्वास धरून ठेवता." कॉलरवर इस्त्री फिरवताना धरावाच लागतो, नाहीतर चुणी पडते. जन्माची सवय आहे ती. पेशंट सोडून माझ्याच मागे लागलीय. अंगावर घ्यायला चादरी देते त्याही चुरगळलेल्या. बघवत नाहीत.

शुक्रवार, ७ जून
धाकटीनं गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट जाळला. इस्त्री तशीच ठेवून उभ्या उभ्या पेंगली. हात थोडक्यात वाचला. ओरडले.

सोमवार, १० जून
चादरी घरी आणून इस्त्री केल्या. राहवेना.

धाकटी म्हणते, लेकीकडे जाऊन राहते थोडे दिवस, तिथे झोप लागते का बघते. जा म्हटलं. थोडे म्हणजे किती, ते विचारलं नाही. तिचा नवरा आधीच गेला, गेल्या वर्षी माझे हे गेले. घरात आम्ही दोघीच. दुकान ओढेन मी एकटी. पण बोलायचं कुणाशी — गिऱ्हाइकांच्या पँटींशी?

हे गेले तेव्हा ती ढसाढसा रडली. माझा नवरा, आणि रडते ही! मी नाही रडले. आल्यागेल्याचं कुणी बघायचं? यांचे शर्ट कडक इस्त्री करून वाटून टाकले. विषय संपला. तिची झोप उडालीय ती या हळवेपणानं. मला काही नाही — पाठ टेकली की सकाळ.

गुरुवार, १३ जून
आज शोभा झाली. डोळे मिटून पडायचं आणि बाई सांगेल तिकडे लक्ष न्यायचं — उजवा अंगठा, उजवा घोटा. गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत माझा डोळा लागला. जाग आली तर सगळ्या उठून बसलेल्या, माझ्याकडे बघतायत. धाकटीनं माझा हात धरलेला. घोरले असेन. त्यात एवढं काय? कुणी हसलं असतं तरी बरं वाटलं असतं. योगवालीनं चादर वर ओढून दिली. उशी ओली होती. लाळ गळली असणार. म्हातारपण, दुसरं काय.

रविवार, १६ जून
धाकटीची बॅग भरली. उद्या क्लासवरून परस्पर जाणार. साड्यांना इस्त्री मीच केली. म्हटलं, झोपच हवी तर आतल्या खोलीत नीज, माझ्याशेजारी कशाला पडतेस? "तुम्हाला एकटं कसं ठेवू?" म्हणे. आणि उद्या काय करणारेस मग? बोलते एक, करते एक.

सोमवार, १७ जून
योगवालीला विचारलं, गुरुवारी फार घोरले का हो मी? तिनं धाकटीकडे बघितलं. धाकटी म्हणाली, "तुम्ही घोरत नाही, जाऊबाई. झोपेत रडता. ते गेल्यापासून रोज."

मग आधी का नाही बोललीस?

"बोलले असते तर तुम्ही निजणंच सोडलं असतं."

जा म्हटलं लेकीकडे, झोप भरपूर. तिनं बॅग उचलली आणि माझ्याबरोबर घरीच आली. दुपारी दुकान उघडलं नाही. म्हटलं जागेपणीच रडून घ्यावं, म्हणजे रात्री हिला झोप मिळेल. बसले. येईना.

धाकटी म्हणाली, "श्वास धरलाय तुम्ही. सोडा."