चौदा तास म्हणे!

२ जानेवारी, सकाळ
आठ वर्षांनी मुलगी येतेय. येतेय म्हणजे काय, आपल्या विमानतळावर विमान बदलणार, तेवढ्यात बाहेर येऊन भेटणार. नात पाच वर्षांची. फोनवर पाहिली तेवढीच, प्रत्यक्ष अजून नाही. संकल्प: नातीला पहिल्यांदा मी उचलणार. हिनं नाही.

२ जानेवारी, दुपार
जावयाचा मेसेज. आपल्या घड्याळानं २० तारखेला रात्री आठला उड्डाण, चौदा तासांचा प्रवास, २१ला सकाळी दहाला उतरणार. चौदा तास म्हणे! लग्नात ह्याला स्वतःच्या बुटाचा नंबर सांगता आला नव्हता. भिंतीवरच्या नकाशावर मी स्वतः फूटपट्टी लावली. पंधरा हजार तीनशे किलोमीटर. ताशी नऊशे. सतरा तास. म्हणजे दुपारी एक. मोजणी खात्यात तीस वर्षं उगाच नाही काढली.

५ जानेवारी
ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. म्हणाला, काका, विमान उत्तरेकडून बर्फावरून वळून जातं, तेच जवळ पडतं. वळून गेलं की जवळ पडतं! टाय लावला म्हणजे अक्कल येते असं थोडंच आहे? टेबलावर नकाशा उलगडून शिकवला. माझ्यामागे रांग लागली. शेवटी म्हणाला, बरोबर आहे तुमचं. पटलं बेट्याला.

९ जानेवारी
ही मशीनवर नातीचा फ्रॉक शिवतेय. माप फोनवरून घेतलंय. मान वर न करता म्हणाली, अहो, पृथ्वी गोल ना? मग फूटपट्टीनं काय मोजता? अंगाचं माप कुणी फूटपट्टीनं घेतं का?
कुठे शिवणकाम, कुठे भूगोल. उत्तर दिलं नाही. अशा वेळी गप्प बसण्यातच मोठेपणा असतो.

१४ जानेवारी
मुलीचा फोन. अकरा ते एक एवढाच वेळ आहे बाबा, एकला परत आत जावं लागेल, असं तीनतीनदा सांगत होती. म्हटलं, अगं, तू उतरशीलच एकला. आत जायला उशीर झाला तर पुढचं विमान थांबेल. तिकिटाचे पैसे घेतलेत, जातं कुठे? मग म्हणाली, आईकडे दे. पोरगी नवऱ्याच्या वळणावर गेली.

२१ जानेवारी, सकाळी ९
ही बसनं निघाली. पिशवीत फ्रॉक. दारात दोनदा थांबून म्हणाली, चला ना हो. म्हटलं, तू हो पुढे, बस तीन तास ताटकळत. मी वेळेवर येतो. आता सावकाश दाढी. नवा शर्ट. फोन बंद ठेवलाय, नाहीतर दर पाच मिनिटांनी हिची कटकट.

२१ जानेवारी, संध्याकाळ
एक वाजून दहाला पोचलो. सामानबिमान घेऊन बाहेर यायला अर्धा तास धरला, तर वीस मिनिटं आधीच. बाहेरच्या बाकावर ही एकटीच. पिशवी रिकामी.
विमान पावणेदहालाच उतरलं होतं. वाऱ्याची साथ मिळाली असणार. वाऱ्याला मी काय करणार?
परतीच्या बसमध्ये हिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग सांगितलं. फ्रॉक अगदी मापात बसला. पोर मांडीवरून उतरायला तयार नव्हती, पण सारखी दाराकडे बघत होती. आजोबा कुठे आहेत, म्हणून विचारत होती.
मी विचारलं, मग तू काय सांगितलंस?
म्हणाली, सांगितलं, मोजतायत.