पर्समधल्या गोळ्या

अहो,

माझ्या पर्समधल्या ग्लुकोजच्या गोळ्या तुम्ही काढून घेतल्यात. वर शेजारच्या वहिनींना सांगितलंत, “ही चोरून गोड खाते!”

आज भरलेली बस चालवताना माझी साखर एकदम उतरली. हात लटपटायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी बस कडेला घेतली, पर्स उघडली, तर आत नुसता रुमाल. मागून लोक ओरडत होते, “बाई, झोपलात की काय?” शेवटी एका आजोबांनी खिशातलं चॉकलेट दिलं, म्हणून निभावलं.

अहो, साखर उतरली की त्या गोळ्याच माझं औषध, किती वेळा सांगू? नव्या आणायला जातेय. जेवण झाकून ठेवलंय.

सहाला डॉक्टरांकडे जायचंय. दर वेळी बाहेर पेपर वाचत बसता, आज माझ्याबरोबर आत यायचं.