उजवीकडे झुकलेली खुर्ची

गुरुवार, १ ऑक्टोबर १९७०

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, मार्गासनीच्या वरच्या वाडीत, भर दिवसा आणि हलगी वाजवून माझी खुर्ची पळवण्यात आली. वेळ मनगटावरच्या घड्याळातली आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेल्या बाईचं घड्याळ चुकत नाही.

हकीकत अशी. लाकूडकाम इथे भोरला गेनू सुताराने केलं. लोखंडी पाय बसवायला खुर्ची वाडीतल्या चिमाजी लोहाराकडे दिली होती. त्याच्या भट्टीसमोर देवीचं देऊळ. देवीचा चौरंग वाळवीने खाल्लेला, आणि आज घटस्थापना. बायकांनी भट्टीच्या अंगणात माझी खुर्ची पाहिली आणि ठरवून टाकलं की भोरच्या बाईंनी नवसाचं सिंहासन पाठवलं. मी एसटीतून उतरून चढ चढून पोचते, तो देवीचा मुखवटा माझ्या खुर्चीत. हार घालून.

मी ओरडले. पारूबाई म्हणून एक म्हातारी पुढे झाली, माझ्या कपाळाला मळवट भरला, ओटीत नारळ घातला आणि बाकीच्यांना म्हणाली, "लाजत्यात. मोठ्या मनाची मान्सं अशीच."

चिमाजीला झापला. तो म्हणे, "पाठीमागं एवढी पितळंची प्रभावळ. ही मानसानं बसायची हाय, असं तुमी बोलला न्हवता, बाई."

बोलले नव्हते! म्हणजे खुर्ची दिल्यावर ही खुर्ची आहे अशी ओळखही करून द्यायची!

पुण्याच्या हस्तकला प्रदर्शनात ती पंधरा तारखेला हजर करायची आहे. फोटो आधीच गेला. पहिलं बक्षीस जवळजवळ नक्की. दुसऱ्या कुणी काही पाठवल्याचं माझ्या कानावर नाही.

संकल्प: आवाज चढवायचा नाही. खुर्ची तीन दिवसांत घरात.

शनिवार, ३ ऑक्टोबर

रागाच्या भरात वर्णन राहिलं. पोलिसांत जायची वेळ आली तर लागेल.

पाठ सागवानी, पाचगणीच्या आमच्या कॉन्व्हेंटमधल्या चॅपलच्या टोकदार खिडकीसारखी. तिच्यावर पितळेचे किरण. हातांच्या टोकांना पितळी सिंह, किल्ल्याच्या दरवाजावर असतात तसे, जबडा उघडा. पाय लोखंडी, तीनच, तोफेच्या गाड्यावरून सुचलेले. उजवीकडे किंचित झुकाव. चिमाजी पाचर घालून सरळ करतो म्हणाला होता. मी त्याचा हात धरला. म्हटलं, खबरदार! झुकाव मुद्दाम आहे. सरळ उभं राहायला टेबलं पुष्कळ आहेत जगात.

नोकरीभर बोर्डापुढे बिनपाठीच्या स्टुलावर बसले. कानाला हेडफोन, पाठीला हवा. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषण करून भिंतीवरचं घड्याळ दिलं. रिटायर झालेल्या माणसाला घड्याळ! त्याच दिवशी ठरवलं, आता खुर्ची. पाठ असलेली, आणि पाठ अशी की येणाऱ्याने दारातच थांबून बघत राहावं.

दुपारी कुंदा आली. धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते, त्यामुळे तिची मतं ताजी मिळतात. म्हणाली, "ताई, त्या खुर्चीत तू तरी कधी बसलीस का गं?"

बसले होते. काही वेळ.

मग तिने केशवरावांची गोष्ट काढली. तिचे यजमान. गेनूच्या अंगणात खुर्ची ठोकळ्यांवर ठेवली होती तेव्हा मीच त्यांना बसवलं. एक किरण पाठीत रुतला आणि उठताना सिंहाने सदऱ्याची बाही धरली. त्यात खुर्चीचा काय दोष? कोर्टात कारकुनी करून माणसाला पोक आलेलं. सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, वाकणाऱ्याला टोचलंच पाहिजे.

कुंदाकडचा चहा आजपासून बंद.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

कालपर्यंत जाता आलं नाही. पाय दुखत होता. शिवाय समोरच्याला पश्चात्तापाला वेळ द्यावा लागतो.

आज गेले. कुणालाही पश्चात्ताप झालेला नाही.

सर्जेराव सरपंच देवळाच्या ओट्यावर बसलेले. मी ट्रंक कॉलच्या शिस्तीत, तीन मिनिटांत, मुद्दा मांडला. ते म्हणाले, "घट बसल्यात. दसऱ्यापत्तोर देवी हालत न्हाई. म्होरं तुमी म्हनाल तसं. पर एक सांगू का, एकदा देव बसल्याव त्यात मानसानं बसू न्हाई."

मी उदार मनाने तोड काढली. म्हटलं, घरची दुसरी खुर्ची देते, चांगली, वेताची. यावर पारूबाई आतून कडाडली, "वेताची? आमची देवी काय कचेरीत अर्ज घ्याया बसलीया व्हय?"

सगळे हसले. चिमाजी सर्वांत मोठ्याने.

आणखी एक. आजूबाजूच्या गावांतली माणसं बघायला येतात आणि विचारतात, कुणी केलं? उत्तर: भोरच्या गेनू सुतारानं. गेनूला हिर्डोशीहून पालखीचं काम आलं आहे. माझ्या खुर्चीखाली माझी अक्षरं कोरलेली आहेत, पण देवाच्या बुडाखाली वाकून बघणार कोण?

शेवटी ठरलं, कौल लावायचा. दसरा झाल्यावर मंगळवारी. मुखवट्याच्या दोन खांद्यांवर पाण्याने दोन फुलं चिकटवायची आणि देवीला विचारायचं, बाईंची खुर्ची परत द्यावी का? उजवं पडलं तर द्यावी, डावं पडलं तर राहू द्यावी. मी लगेच कबूल झाले. सत्य माझ्या बाजूचं आहे. त्याला फुलाची भीती कशाला?

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

टपाल. प्रदर्शनाचं कार्ड. जसंच्या तसं उतरवून घेते: "आपण पाठविलेल्या छायाचित्रातील देव्हारा आकर्षक आहे. तथापि पूजासाहित्य या प्रदर्शनात स्वीकारले जात नाही."

देव्हारा.

दोनदा वाचलं. दिवा लावायचा राहिला.

संध्याकाळी

प्रदर्शन फालतू असणार. मागच्या वर्षी म्हणे लोकरीचं बदक पहिलं आलं होतं. अशा ठिकाणी खुर्ची पाठवणं हाच तिचा अपमान. मी पाठवणार नव्हतेच. तसं मनात केव्हापासून होतं.

रविवार, ११ ऑक्टोबर

दोन दिवस शांतपणे विचार केला. मन मोकळं ठेवलं की दिसतं.

केशवराव त्या खुर्चीत पाच मिनिटं टिकले नाहीत. देवी सगळं नवरात्र बसली. हूं नाही की चूं नाही. पाठ ताठ, नजर समोर. कॉन्व्हेंटमध्ये असती तर सिस्टरनी पहिल्या बाकावर बसवली असती. आजवर माझ्या खुर्चीत नीट बसलेली ती एकटी. आणि मी तिच्याशीच भांडत होते!

निर्णय: खुर्ची देवीला देत आहे. कायमची. शहाण्या माणसाला पारख करणारा एक जण पुरे.

भोरच्या तांबटाला पितळी पट्टी घालायला सांगितली: "संकल्पना: कु. सरोज देवधर." गेनूचं नाव नाही. पट्टी समोरून, दोन सिंहांच्या मधे. समारंभात चार शब्द बोलावे लागतील. पानभर टिपण तयार आहे. सुरुवात नम्र आहे, पुढे सुधारते.

कुंदाकडे चहाला गेले. (बंदी उठवली. मोठेपणा.) ती म्हणाली, "म्हणजे चोरीला गेलेली वस्तू तू दान करणार?" केशवराव पेपरच्या आडून म्हणाले, "सरोजताई, कौलाचं काय मग?"

कौल हा आता उपचार. देवी बसलेली जागा सोडणार आहे थोडीच?

मंगळवार, १३ ऑक्टोबर

लिहिते. रागाने, पण क्रमवार.

हिरवी रेशमी साडी नेसून, पट्टी आणि टिपण घेऊन गेले. पोचताक्षणी सर्जेरावांना सांगितलं, कौलाची गरज नाही, मी खुर्ची राजीखुशीने दिली. ते म्हणाले, "कबूल केल्याला कौल माघारी घेता येत न्हाई, बाई. देवीला काय वाटंल?"

ठीक. लावा.

पारूबाईने फुलं चिकटवली. दोन्ही पांढरी, सारखीच. गुरवाने प्रश्न विचारला. उजवं फूल लगेच पडलं. वाट बघितली नाही, विचार केला नाही. पडलं.

कुणीतरी म्हणालं, "देवीलाच नगं."

मी म्हटलं, थांबा. खुर्ची उजवीकडे झुकलेली आहे, तिथे उजवं फूल पडणारच! चिमाजी, पाचर आण. खाली पाचर घाला आणि पुन्हा लावा.

चिमाजी म्हणाला, "म्या तवाच घालत हुतो. तुमीच हात धरलात की." आणि सर्जेराव कानाला हात लावून म्हणाले, "कौल लागल्याव देवीच्या बुडाखाली पाचर? असलं पाप आमच्या हातनं न्हाई व्हायचं."

देवीला उतरवून पाटावर बसवली. साध्या, आंब्याच्या पाटावर. पारूबाई तिच्याकडे बघून म्हणाली, "आता कसं मोकळी बसली! नवरातभर अवघडली हुती, माय."

टिपण पिशवीतच राहिलं. पट्टीसुद्धा.

खुर्ची एसटीच्या टपावर चढवली. कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं नाही, देवाचं म्हणून. नसरापूरला गाडी बदलताना खुर्ची खाली उतरली, तर दोघी बायका पाया पडल्या. एकीने विचारलं, "कुठली देवी न्हेताय?" मी सांगितलं, कुठलीच नाही. तिने तरी फूल वाहिलं.

बुधवार, १४ ऑक्टोबर. दुपारी चार

खुर्ची खोलीत आहे. अर्धी खोली तीच आहे. कुंदा बघून गेली. म्हणाली, "बरं झालं बाई, देव बसून गेला. आता आल्यागेल्याला बस म्हणायला नको."

मी स्वतः बसावं असं सकाळी मनात आलं. बसले नाही. रूढीला मान द्यावा लागतो. शिवाय तिच्यात बसून कसं वाटतं ते मला माहीत आहे. ही नोंद ट्रंकेवर बसून लिहीत आहे. ट्रंकेला पाठ नाही.

देवी, वरची वाडी, मार्गासनी, ता. वेल्हे, हिला मी कळवते. तू नवरात्रभर माझ्या खुर्चीत बसलीस. त्या काळात तुझी कुठलीही तक्रार माझ्याकडे आली नाही. मग एकाएकी सर्वांसमक्ष, फुलामार्फत, कारण न देता नकार देणं हे कुठल्याही रीतीत बसत नाही. किरण टोचले, की सिंह आवडले नाहीत, की झुकाव, की करणारी, हे मला स्पष्ट कळलं पाहिजे. तोंडी निरोप, फुलं, पारूबाई, यांपैकी काहीही चालणार नाही. मंगळवार, दिनांक २० ऑक्टोबर, संध्याकाळी पाच वाजण्याच्या आत लेखी उत्तर यावे.