आई ‘रुंदीकरण’ खेळते

१४ सप्टेंबर, रविवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प बसतो. तू बरा नसशील, म्हणून “तूही मजेत असशील” असं काही लिहीत नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवायचा म्हणून लिहायला घेते आणि पाठवायच्या आत पुसून टाकते. कागदावर निदान काय खोडलं ते तरी तुला दिसेल.

समोरच्या इमारतीला रंग देताहेत. खिडकी उघडली की वास येतो, लावली की कॅमेऱ्याच्या दिव्यांनी खोलीची भट्टी होते. मधल्यामध्ये मी उठते, फॅन वाढवते, कमी करते, पाणी पिते, परत बसते. आई म्हणाली, “पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? एका जागी बस.” बसलेय. तुझ्या गेमबद्दल लिहायला बसले आणि गुडघा झाला, रंग झाला, फॅन झाला. आता पळवाट उरली नाही.

माझी घंटा कशी सुरू झाली ते तुला अर्धवट माहीत आहे. माझ्या चॅनेलवर लोकांसमोर एक युद्धाचा गेम खेळत होते, त्यात एक सेनापती भाषण ठोकत होता. संपेचना. मी वैतागून टेबलावरची पितळी घंटा वाजवली आणि म्हटलं, “चला, तास संपला, दप्तरं भरा!” लोक पोट धरून हसले. पुढच्या गेमला आधीच मागणी आली, घंटा कुठाय? मग ते माझं दुकानच झालं. नवा गेम आला की मी पहिल्या दिवशी लाइव्ह खेळायचा आणि कुणी उपदेश सुरू केला की घंटा. झेंडा दिसला, घंटा. मोर्चा दिसला, घंटा. सुरुवातीला मी दोन्ही बाजूंच्या भाषणांना वाजवायचे, खरंच. पण प्रेक्षक कशाला जास्त हसतात ते हाताला कळतं दादा, डोक्याला कळायच्या आधी. कुणी गरीब माणूस तोंड उघडून रडगाणं गायला लागला की कॉमेंटची नुसती झुंबड. मग तिथे जास्त वाजायला लागली. माझं नावच ‘घंटाताई’ पडलं. त्याचा दुसरा अर्थ काय होतो तो आईला अजून माहीत नाही.

आणि मग तुझा ‘रुंदीकरण’ आला.

तू स्वतःच पाठवला होतास, बाजारात यायच्या आधी. सोबत लिहिलं होतंस, “तुला वाटेल ते बोल. फक्त आपलं नातं सांगू नकोस, लोक वशिला म्हणतील.” मी अंगठा पाठवला. बस. इतकी वर्षं राबून माझ्या भावाने गेम लिहिला आणि मी अंगठा पाठवला.

त्या दिवशी काय झालं ते तू पाहिलंच आहेस. गावातून रस्ता न्यायचाय, मी रस्त्याची इंजिनिअर, नकाशावर घरं. सात नंबरच्या घराशी गेले. हिरवं दार, कौलांवर ठेवलेला टायर. दारात बाई उभी. ती म्हणाली, “हे घर नाही हो, माझं अंग आहे. अंगावरून रस्ता न्यायचा तर न्या.” आणि मी घंटा वाजवली. वर डोळे पुसल्याचं नाटक केलं आणि म्हटलं, “चला, बाईंचं भाषण झालं, आता चहापान!”

कॉमेंट धो धो आल्या. हात आपोआप गेला, असं मी त्यानंतर प्रत्येकाला सांगत आले. मॅनेजरला, मैत्रिणीला, स्वतःलाही.

पुढचं तुला माहीत आहे, किंवा माझ्याहून जास्त माहीत आहे. तो तुकडा कापून लोकांनी गावभर फिरवला. दुसऱ्या चॅनेलवाल्यांनीही घंटा आणल्या, एकाने तर शाळेतला टोल. ज्यांनी गेम उघडूनही पाहिला नाही त्यांनी त्याला एकेक तारा दिला. काहींनी उलट मला शिव्या घातल्या आणि तुमच्या गेमला डोक्यावर घेतलं, पण खेळून बघितला त्यांनीही नाही. तुमच्या ऑफिसात चित्रं काढणाऱ्या मुलीने लिहिलेलं वाचलं की पुढच्या गेमचं काम थांबवलंय. तिने मला दोष दिला नव्हता. दिला असता तर बरं झालं असतं.

थांब, पाणी पिऊन येते.

हात आपोआप गेला हे खोटं आहे, दादा. आम्ही सगळे “पहिल्यांदाच बघतेय हं” म्हणतो आणि आदल्या दिवशी खेळून ठेवतो. कुठे हसायचं, कुठे दचकायचं ते ठरवून ठेवतो. मीही आदल्या दिवशी संध्याकाळी खेळले होते. हिरवं दार दिसल्याबरोबर ओळखलं. बाईचं वाक्य ऐकलं आणि खुर्चीत तशीच बसून राहिले. बाबा हे वाक्य प्रत्येक पाहुण्याला सांगायचे ना? “आमची ही दारात उभी राहिली आणि साहेबाला म्हणाली.” मी रडले. मग तोंड धुतलं. आणि मग मला तुझा राग आला.

कारण घर पाडलं त्या दिवशी तू तिथे नव्हतास. तू मामाकडे, परीक्षेसाठी. मी होते. मशीनची दाढ छपरात घुसली तेव्हा मी आईच्या साडीचा पदर तोंडात धरला होता. धूळ माझ्या नाकात गेली आणि गोष्ट तुझी झाली. मला विचारलंसुद्धा नाहीस. दुसऱ्या दिवशी घंटा वाजवली ती प्रेक्षकांसाठी नाही. तुझ्यासाठी वाजवली. तू बघत असणार हे माहीत होतं.

लिहून टाकलं. आता खोडत नाही.

आता आईचं. स्ट्रीम चालू असताना ती बाहेरच्या खोलीत इस्त्री करत होती, उघड्या दारातून तिला माझा पडदा दिसत होता. मी हेडफोन काढला तशी दारात आली. म्हणाली, “ते आपलं सात नंबर होतं का गं?”

“हो. दादाने केलंय.”

“मग घंटा का वाजवलीस?”

“राजकारण आलं की वाजवते, आई. लोकांना आवडतं.”

तिने हातातला शर्ट झटकला, घडी घातली, उलगडला, परत घातली. “आमचं घर पाडलं ते राजकारण नव्हतं,” ती म्हणाली, “आणि त्याच्याबद्दल बोललं की राजकारण. असंच ना?”

मी हेडफोनची वायर गुंडाळत राहिले.

चार दिवस ती माझ्याशी फक्त जेवण आणि दूधवाला एवढंच बोलली. मग एकदम म्हणाली, “मला शिकव ते. मी खेळून बघते.” मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, “असं नाही, लोकांसमोर. तू लोकांसमोर वाजवलीस ना?”

दादा, मी तिला बसवलं. मॅनेजरला न विचारता. आणि प्रेक्षकांना सांगून टाकलं की ही माझी आई, ज्याने हा गेम लिहिला तो माझा भाऊ, आणि घंटा आज कपाटात आहे. तुझी अट मी मोडली. त्याबद्दल वाटेल ते बोल.

आई रिमोट उलटा धरून बसली. गाडी नाल्यात घातली, दोनदा. “ह्या साहेबाला गाडी चालवता येत नाही, हा रस्ता काय बांधणार!” लोक हसले, पण वेगळं हसले. मग ती सात नंबरला पोचली. बाईने वाक्य म्हटलं. आई पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मी असं कधीच म्हटलं नाही.”

मी कॅमेरा बंद करायला हात पुढे केला. तिने माझा हात बाजूला सारला, माशी हाकलावी तसा.

“हे तुझ्या बाबांनी मागाहून रचलं. त्यांना बोलायची हौस. मी दारात आडवी वगैरे काही झाले नाही. छप्पर गळत होतं, मला तर नवीन खोली हवीच होती. मी साहेबाला एवढंच विचारलं, नळ आत आहे की बाहेर? तो कागद बघत राहिला. उत्तर दिलं नाही. नवीन जागेत गेलो, नळ आतच होता. उघडला, तर नुसती हवा आली. फुस्स. तेव्हा मी रडले. घरासाठी नाही रडले मी.”



मग तिने रिमोट हलवून बघितला. पडद्यावर दोनच पर्याय होते, ‘हलवा’ आणि ‘थांबा’. “इथे त्या बाईला काही विचारता येत नाही का?” ती म्हणाली. मी म्हटलं, नाही. “आणि बाईला साहेबाला विचारता येतं?” मी म्हटलं, तेही नाही. “मग माझ्या लेकानेही मला विचारलं नाहीच,” ती म्हणाली. रागाने नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी.

तो तुकडाही कापला गेला हे तुला कळलं असेलच. एक बाजू म्हणते, आईनेच सांगितलं, लेखक खोटारडा. दुसरी बाजू आईचा फोटो मोठा करून त्यावर घोषणा लिहितेय. आई विचारते, “मी तर नळाचं बोलले, ह्यांनी काय ऐकलं?” मॅनेजर खुशीत आहे. त्याला दर शुक्रवारी आई हवी आहे. नव्या गेमवर आईचं मत, मागे मिक्सरच्या कंपनीची जाहिरात. मी नाही म्हटलं. मग करार संपला म्हणाला. मी पहिला व्हिडिओ काढून टाकला, पण त्याने काय होतं? सांडलेलं भरता येत नाही.

पुढे काय करणार विचारशील. माहीत नाही. उठते, बसते.

बुधवार

पत्र टाकलं नव्हतं. बरं झालं.

आज सकाळी आई कपाट उघडून साड्या काढत होती. मी विचारलं, कुठे? म्हणाली, “दादाकडे. तो गप्प बसलाय म्हणजे त्याला वाटतंय मी त्याला खोटं पाडलं. लहानपणीही असाच कोपऱ्यात जाऊन बसायचा.” मी म्हटलं, फोन कर. “फोनवर तो हो हो म्हणेल आणि ठेवेल. त्याला सांगायचंय मला की बाबांचं वाक्य चांगलं आहे, ठेव. पण माझंही घाल. खालच्या ओळीत.” मग एक साडी पिशवीत घालत म्हणाली, “आणि तुझंही विचारायला सांगते. तू काय पाहिलंस ते. पदर ओला करून ठेवला होतास माझा.”

तिला आठवत होतं, दादा. मला वाटायचं, त्या दिवशी मी होते हे कुणाला माहीतच नाही.

पोस्टाने हे वेळेत पोचणार नाही, म्हणून पानांचे फोटो काढून आजच तुला पाठवतेय, मूळ कागद तिच्या पिशवीत घालतेय. उद्या दुपारच्या बसने ती निघते, संध्याकाळी पोचेल. तिचा गुडघा दुखतो, म्हणून स्टँडवर घ्यायला ये. तिला जिना चढवताना उजव्या बाजूने धर. तिकिटं दोन काढलीत. दुसऱ्यावर मी येईन की ते रद्द करीन, हे ह्या ओळीपर्यंत लिहूनही ठरत नाहीये. तू दारात उभा राहून मला परत जा म्हणालास तर मी जाईन, भांडणार नाही. पण आईसमोर म्हणू नकोस, नंतर एकटीला म्हण.

बसमधून आधी ती उतरेल. तिच्या मागे बघ.

तुझी,
धाकटी